परमिट मोबाइलवर, कुलूप पॅनलवर: मेंटेनन्सच्या माणसांच्या सुरक्षेसाठी सॉफ्टवेअर कसं लावायचं

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी. नाशिकच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा, मेंटेनन्सच्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "साहेब, पाच मिनिटांचं काम आहे." बेल्ट सरकलाय, सेन्सरवर तेल उडालंय, पत्र्यातून गळतंय. लाइन बंद, प्रॉडक्शनवाला डोक्यावर उभा, आणि फिटर मशीन पुरतं बंद न करताच हात आत घालतो. मशीन चालवणारा कामगार गार्डच्या बाहेर उभा असतो. मेंटेनन्सवाला गार्ड काढूनच कामाला लागतो, त्यामुळे त्याच्या सुरक्षेचा विचार वेगळा करावा लागतो.

आपल्याकडे मेंटेनन्स सॉफ्टवेअर घेतलं जातं ते ब्रेकडाउनचं रजिस्टर ठेवायला आणि ऑडिटला रिपोर्ट दाखवायला. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा उपयोग दुसराच आहे: त्या 'पाच मिनिटांच्या' कामाआधी एक सक्तीचा थांबा घालणं. या मशीनमध्ये जीव घेणारं काय आहे हे पाना हातात घेतलेल्या माणसाला त्या थांब्यावर कळलं पाहिजे, आणि ते बंद झाल्याचं दुसऱ्या कुणी पाहिलं पाहिजे. नुकताच मेंटेनन्सचा चार्ज घेतलेला इंजिनिअर, सुपरवायझर, किंवा एखाद्या हॉस्पिटलचा, मॉलचा, मोठ्या सोसायटीचा व्यवस्थापक यांच्यासाठी हा लेख आहे.

1. लॅपटॉप उघडण्याआधी शेडमध्ये फिरा

विक्रेता डेमो दाखवतो, रंगीत डॅशबोर्ड फिरवतो आणि मन हरखतं. तो डेमो आठवडाभर पुढे ढकला. एक वही घ्या, सोबत जुना फिटर आणि वायरमन घ्या, आणि प्रत्येक मशीनपुढे उभं राहून एकच प्रश्न विचारा: हे बंद केल्यावरही आत काय शिल्लक राहतं?

हायड्रॉलिक प्रेसची मोटर बंद झाली तरी रॅम, म्हणजे दाबणारा जड भाग, वर लटकलेला असतो. तेलाचा दाब उतरला की तो खाली येणारच. न्यूमॅटिक सिलिंडरच्या नळीत हवा कोंडलेली असते. एसी ड्राइव्हचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राचा) सप्लाय काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. किती थांबायचं ते ड्राइव्हच्या झाकणावर छापलेलं असतं, बहुधा 5 ते 15 मिनिटं. फर्नेस आणि ओव्हन तासन्‌तास गरम राहतात.

दोन गोष्टी नवख्याच्या नजरेतून हमखास सुटतात. एक, डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर. महावितरणचा सप्लाय गेला की ऑटो पॅनल काही सेकंदांत जनरेटर सुरू करतं. पॅनलला वाटतं लाईट गेली. प्रत्यक्षात मेन इन्कमर (मुख्य स्विच) तुम्हीच पाडलेला, म्हणजे बंद केलेला असतो, आणि पॅनलवर काम करणाऱ्याच्या अंगावर दुसऱ्या बाजूने सप्लाय येतो. दोन, छतावरचं सोलर. तिथे स्विच पाडून भागत नाही. ऊन आहे तोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात.

नाशिकचे म्हणून काही धोके आहेत, तेही वहीत हवेत. दिंडोरी, गंगापूर भागातल्या वायनऱ्यांत द्राक्षाच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च, टाक्यांमध्ये रस आंबत असतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हवेपेक्षा जड असल्याने तो टाकीच्या तळाशी, तळघराच्या जमिनीलगत साचतो. द्राक्ष आणि भाजीपाल्याच्या मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया असतो. त्याचा वास झोंबतो म्हणून निदान कळतं तरी; पण व्हॉल्व्हचं ग्लँड बदलताना तो अचानक सुटला तर डोळे उघडून दार शोधणंही मुश्कील होतं.

यादी लांबली तर लांबू द्या. सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला त्यातली सगळ्यात जीवघेणी दहा-पंधरा कामंच चढवायची आहेत.

2. सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला अडवायचे प्रश्न

मोठ्या कंपन्यांत बहुधा सॅप या सॉफ्टवेअरचं मेंटेनन्स मॉड्यूल किंवा मॅक्सिमो हे मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर आधीच असतं. तिथे निवडीचा प्रश्न येत नाही, फक्त परमिटचा, म्हणजे धोक्याच्या कामाआधी घ्यायच्या परवानगीचा, भाग सुरू करून घ्यायचा असतो. मध्यम कारखान्याला ईआरपीनेक्स्ट पाहता येईल. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे, त्यात यंत्रांच्या देखभालीची सोय आहे, मात्र परमिटच्या मंजुरीची साखळी आपल्याला बसवून घ्यावी लागते. वीस-पंचवीस माणसांचं वर्कशॉप असेल तर गुगल फॉर्म आणि शीटवरही सुरुवात होते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

काहीही घ्या, पण पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी आपल्या शेडमध्ये, आपल्या मोबाइलवर करून पाहा.

पंप रूममध्ये आणि बेसमेंटमध्ये रेंज नसताना अ‍ॅप उघडतं का, आणि नेट आल्यावर नोंद आपोआप चढते का? एखादी पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची उघडायची नाही, असं कुलूप त्यात घालता येतं का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. बऱ्याच अ‍ॅपमध्ये चेकलिस्ट असते, पण ती न भरताही काम 'सुरू' करता येतं. असं अ‍ॅप सुरक्षेच्या कामाचं नाही. काम मागणारा, परमिट देणारा आणि काम करणारा या तीन भूमिका वेगळ्या ठेवता येतात का, की एकच माणूस तिन्ही बटणं दाबू शकतो? भरलेली नोंद नंतर कुणी बदलली तर जुनी नोंद दिसत राहते का? मराठी अक्षरं नीट दिसतात का, आणि टाइप करण्याऐवजी बोलून नोंद करता येते का? हाताला ग्रीस लागलेला माणूस टाइप करत बसणार नाही.

पैशांचं गणितही आत्ताच मांडा. पुष्कळ कंपन्या दर लॉगिनमागे महिन्याला आकार घेतात. मग व्यवस्थापन पैसे वाचवायला फक्त सुपरवायझरला लॉगिन देतं, आणि सगळ्यांची परमिटं एकटा सुपरवायझर केबिनमध्ये बसून भरतो. असं होणार असेल तर स्वस्तातलं पण सगळ्यांना वापरता येणारं सॉफ्टवेअर बरं.

3. मशीनला नाव, आणि तेच नाव पॅनलवर

या पायरीला कुणी भाव देत नाही. मी म्हणेन, निम्मी सुरक्षा इथेच आहे.

कारखान्यात एका यंत्राला तीन नावं असतात. खरेदीच्या कागदावर एक, सॉफ्टवेअरमध्ये एक आणि माणसांच्या तोंडात एक: 'जुना कंप्रेसर', 'कोपऱ्यातला प्रेस'. आणि मोटरींचे स्विच असलेल्या एमसीसी पॅनलवर? तिथे दहा वर्षांपूर्वीचं स्टिकर. त्यावर 'स्पेअर' लिहिलेल्या फीडरवर (मशीनला सप्लाय देणाऱ्या स्विचवर) कुणीतरी मधल्या काळात एक्झॉस्ट फॅन जोडलेला असतो. फिटर प्रामाणिकपणे फीडर पाडतो, कुलूप लावतो, आणि काम करतो त्या मशीनमध्ये सप्लाय जिवंतच असतो.

म्हणून क्यूआरची स्टिकरं छापण्याआधी सुट्टीच्या दिवशी शटडाउन घ्या आणि वायरमनला सोबत घेऊन प्रत्येक फीडर खरोखर पाडून पाहा, कुठलं मशीन बंद होतं ते. जे दिसेल तेच लिहा. मग एक क्रमांक ठरवा आणि तोच क्रमांक चार ठिकाणी लावा: मशीनवर, त्याच्या फीडरवर, हवेच्या किंवा वाफेच्या व्हॉल्व्हवर, आणि सॉफ्टवेअरमध्ये. सॉफ्टवेअरमध्ये क्रमांकाच्या पुढे तोंडातलं नाव घालायला विसरू नका, नाहीतर शोधताना कुणाला सापडणार नाही.

स्टिकर गार्डवर किंवा झाकणावर चिकटवू नका. गार्ड काढला की तो दुसऱ्याच मशीनवर बसतो आणि क्रमांकाची अदलाबदल होते. फ्रेमवर, डोळ्यांच्या उंचीवर, तेल उडत नाही अशा जागी लावा. साधा कागद महिनाभरही टिकत नाही. लॅमिनेट केलेला किंवा धातूची पट्टी घ्या. क्यूआर स्कॅन केल्यावर पहिल्या पडद्यावर मशीनचा फोटो, बंद करायच्या जागांचे फोटो आणि 'शिल्लक ऊर्जा' एवढंच दिसू द्या. खरेदीची तारीख, किंमत, वॉरंटी हे सगळं खाली.

4. एक वर्क ऑर्डर जवळून पाहू

उदाहरणाला कंप्रेसर घेऊ, कारण तो प्रत्येक शेडमध्ये असतो आणि फसवतो. टाकीत पुरेसा दाब झाला की तो गप्प उभा राहतो. नवखा समजतो, बंद आहे. दाब उतरला की प्रेशर स्विच त्याला स्वतःहून सुरू करतो, तेव्हा बोटं बेल्टमध्ये असली तर संपलं.

'कंप्रेसर-2, व्ही-बेल्ट बदलणे' या कामाचं कार्ड सॉफ्टवेअरमध्ये असं बसवा:

- शिफ्ट इन्चार्जला कळवलं. कुणाला, त्याचं नाव निवडा.
- कंप्रेसर स्टॉप बटणाने थांबवला.
- फीडर 7 चा आयसोलेटर (सप्लाय तोडणारा स्विच) खाली. स्वतःचं कुलूप, नाव लिहिलेला टॅग. फोटो.
- हवेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद, त्यालाही कुलूप. ड्रेन उघडून गेज शून्यावर आणला. गेजचा फोटो.
- टेस्टर आधी चालू सप्लायवर तपासला, मग मोटरच्या टर्मिनलवर लावला, मग पुन्हा चालू सप्लायवर तपासला.
- स्टार्ट बटण दाबून पाहिलं, सुरू झालं नाही.
- दुसऱ्या माणसाने कुलूप ओढून पाहिलं. त्याचं लॉगिन.

ही सात टिकं झाल्यावरच 'काम सुरू' हे बटण उघडलं पाहिजे.

टेस्टर तीनदा लावायचं कारण नव्या पोरांना समजावून सांगा. मधल्या वेळी दिवा लागला नाही तो सप्लाय नाही म्हणून, की टेस्टरच गेलाय म्हणून, हे त्याशिवाय कळत नाही. आणि स्टार्ट बटण दाबून पाहण्याची पायरी कुणी 'कशाला उगाच' म्हणून उडवली तर त्याच्याशी वाद न घालता त्याला फीडरच्या चुकीच्या स्टिकरची गोष्ट सांगा.

कुलपाचा नियम साधा: एका माणसाला एक कुलूप, त्याला एकच किल्ली, आणि ती त्याच्या खिशात. तिघं काम करत असतील तर आयसोलेटरवर हॅस्प (अनेक कुलपं अडकवायची कडी) लावून तीन कुलपं. सॉफ्टवेअरमधलं 'आयसोलेटेड' हे हिरवं चिन्ह कुलपाची जागा घेऊ शकत नाही. सर्व्हरला पॅनल पाडता येत नाही.

माणूस किल्ली खिशात घेऊन घरी गेला तर काय, याचीही वाट आधी ठरवा, कारण हे होतंच. कुलूप कापायचा वेगळा फॉर्म ठेवा: त्या माणसाला फोन केला, तो आवारात नाही याची गेटवर खात्री केली, मशीनच्या आत कुणी नाही हे पाहिलं, विभागप्रमुखाने मंजुरी दिली, मग कापलं. आणि तो परत आल्यावर मशीनला हात लावण्याआधी त्याला सांगितलं.

5. चार कामं परमिटशिवाय नाहीत

साधी वर्क ऑर्डर वेगळी, परमिट वेगळं. परमिटला मुदत असते, आणि ती एका शिफ्टपेक्षा जास्त ठेवू नका. शिफ्ट बदलली की परमिट आपोआप थांबलं पाहिजे आणि नव्या शिफ्टने जागेवर जाऊन पुन्हा उघडलं पाहिजे.

उंचीवरचं काम. नाशिकमध्ये मेंटेनन्सच्या माणसाला सगळ्यात मोठा धोका पत्र्याचा, असं मला वाटतं. जुन्या शेडचा सिमेंटचा पत्रा वरून दणकट दिसतो आणि पाय पडताच फुटतो. उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे तर धूळ बसून बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसू लागतात. परमिटमध्ये छताचा नकाशा जोडा आणि त्यावर कमकुवत जागा लाल रंगाने दाखवा. वजन पसरणाऱ्या फळ्या टाकल्या, लाइफलाइन बांधली, फुल बॉडी हार्नेस दोन दोऱ्यांचा आहे, खाली जागा घेरली, या प्रत्येकाचा फोटो मागा.

यात सॉफ्टवेअरची खरी मदत वेळापत्रकात होते. सगळीकडे छताची कामं जूनच्या पहिल्या सरीनंतर आठवतात, आणि मग ओल्या पत्र्यावर, वाऱ्यात, घाईघाईत माणूस वर चढतो. छताची तपासणी आणि डागडुजी मार्चच्या शेवटच्या आठवड्याला लावून टाका, एप्रिलमध्ये उरका. गोंदे, इगतपुरीकडच्या कारखान्यांना तर त्यानंतर सवडच मिळत नाही. पावसात छतावरचं परमिट निघणारच नाही असा नियम घाला; गळती असेल तर खाली बादली ठेवा, मशीन झाका.

बंदिस्त जागा. टाकी, सम्प, ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र), सेप्टिक टँक, सायलो. इथे 'गॅस तपासला: होय' असं टिक कधीही ठेवू नका. आकडाच भरायला लावा. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली किंवा 23.5 च्या वर गेला की परमिट आपोआप नाकारलं जावं. ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या 10 टक्क्यांवर गेला तरी तेच. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून लोक नाकावर विसंबतात. पण त्याचं प्रमाण 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 100) आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि वास थांबला म्हणजे धोका टळला असं वाटतं. वायनरीत कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर हवा, नेहमीच्या चार-वायू मीटरमध्ये तो नसतो. वाचन वरच्या, मधल्या आणि तळाच्या पातळीवर घ्या. काम चालू असेपर्यंत ते पुन्हा घ्यायची आठवण अ‍ॅपने दिली पाहिजे.

तोंडाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाव परमिटवर वेगळं लिहा, आणि त्याला एकच गोष्ट बजावा: काही झालं तरी आत उडी मारायची नाही. आत पडलेल्याला काढायला धावलेला माणूसही त्याच वायूने जातो, हे टाक्यांच्या अपघातांत वारंवार घडलं आहे. त्याने अलार्म द्यायचा आणि वरून तिकाटण्याने ओढायचं. टाकीत न्यायचा हातदिवा 24 व्होल्टच्या वर नको, हा दंडक 1948 च्या कारखाने अधिनियमापासून चालत आला आहे. सेप्टिक टँक आणि गटारात माणसाला संरक्षक साधनांशिवाय सफाईला उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनीही हे लक्षात ठेवावं. टँकर आणि मशीन बोलवा, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या कामाला 'माणूस आत' हा पर्यायच ठेवू नका.

वेल्डिंग-कटिंग. आजूबाजूचं जळाऊ सामान हटवलं, सिलिंडर उभे बांधलेले, आग विझवणारं साधन हाताशी. इथपर्यंत सगळे करतात. आग मात्र बऱ्याचदा काम संपल्यावर, जेवणाच्या सुट्टीत लागते. म्हणून काम बंद केल्यावर 30 मिनिटांचा टायमर लावा आणि जागेचा दुसरा फोटो आल्याशिवाय परमिट मिटू देऊ नका.

विजेचं काम. वायरमनचा परवाना चालू आहे का हे अ‍ॅपनेच तपासावं. डीजी ऑटोवरून काढला का, सोलर इन्व्हर्टर वेगळा केला का, हे दोन प्रश्न प्रत्येक पॅनलच्या परमिटमध्ये घाला.

6. ठेकेदाराचा माणूस

आपला फिटर शेड ओळखतो. ठेकेदाराचा हेल्पर काल दुसरीकडे होता, आज इथे आहे, आणि त्याला सगळ्यात वर, सगळ्यात आत पाठवलं जातं. सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक ठिकाणी त्याचं नावच नसतं. 'ठेकेदार + 3 माणसं' असं लिहिलेलं असतं. हे पहिल्या दिवसापासून बंद करा. तिघांची तीन नावं, फोटो, घरच्यांचा फोन नंबर, आणि कुठलं प्रशिक्षण कधीपर्यंत चालू आहे ते.

गेटवरच्या सिक्युरिटीला साधा टॅब द्या. नाव टाकलं आणि सुरक्षा-ओळख (कामाआधीची सुरक्षेची माहिती) झालेली नसेल तर पास निघणार नाही. ठेकेदार कुरकुर करेल, "दादा, ओळखीचा माणूस आहे, सोडा की." सोडू नका, पण ती ओळख अर्ध्या तासात, तिथेच गेटपाशी उरकायची सोयही करा, नाहीतर आठवड्याभरात सिक्युरिटीवाला वाकडी वाट शोधेल. पुष्कळ माणसं उत्तर प्रदेश-बिहारची असतात. मराठी चेकलिस्ट त्यांच्या हातात देऊन सही घेण्यात अर्थ नाही. हिंदीत बोलून रेकॉर्ड केलेली सूचना आणि चित्रं ठेवा, आणि शेवटी त्यालाच विचारा: सप्लाय कुठून बंद करशील, दाखव. त्याने बोट दाखवलं की टिक करा.

माणूस ठेकेदाराचा असला तरी आवारात काही घडलं तर कारखान्याच्या व्यवस्थापनालाही उत्तर द्यावं लागतं, हे आपल्या साहेबांना एकदा समजावून ठेवा. पुढची मंजुरी पटकन मिळते.

7. हत्यारांची मुदत

हार्नेस, शिडी, चेन पुली ब्लॉक, स्लिंग, गॅस मीटर, रबरी हातमोजे: यांनाही मशीनसारखेच क्रमांक आणि क्यूआर द्या. तपासणीची तारीख उलटली की ते हत्यार परमिटमध्ये निवडताच येऊ नये. उचलण्याच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून एकदा आणि लिफ्ट-हॉइस्टची 6 महिन्यांतून एकदा तपासणी कारखाने अधिनियमात सांगितली होती. आता 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे, तेव्हा आपल्या कारखान्याला लागू असलेल्या मुदती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिक कार्यालयातून विचारून मगच सॉफ्टवेअरमध्ये भरा. एकदा झटका खाल्लेला हार्नेस मात्र तारखेची वाट न पाहता कापून टाका आणि त्याचा क्रमांक कायमचा बंद करा.

8. पहिला महिना

सगळ्या शेडला एकदम लावू नका. एक विभाग आणि एक शिफ्ट घ्या, आणि ज्याच्या शब्दाला बाकीचे मान देतात अशा जुन्या फिटरला पुढे करा. कार्डातल्या पायऱ्या त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. तो म्हणेल, "हा व्हॉल्व्ह बंद करून काही होत नाही, तो कधीचा पास होतोय, बंद करूनही गळतो." अशी माहिती कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसते.

थोडक्यात वाचलो, अशा घटना नोंदवायला एकच मोठं बटण ठेवा: फोटो, दहा सेकंदांचं बोलणं, बस. नाव द्यायची सक्ती नको. आणि इथे व्यवस्थापनाची परीक्षा असते. कुणी कळवलं की गार्ड काढून मशीन चालवलं जातंय, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात मेमो पडला, तर ते बटण पुन्हा कुणी दाबणार नाही. आलेल्या प्रत्येक नोंदीचं काय झालं ते तीन-चार दिवसांत त्याच अ‍ॅपवर दिसू द्या, 'पैसे मंजूर नाहीत' असं असेल तरी.

लोकेशन ट्रॅकिंगबद्दल सावध राहा. रात्रपाळीत पंप हाऊसला एकटा जाणाऱ्यासाठी ते उपयोगी आहे: ठरावीक वेळात 'ठीक आहे' दाबलं नाही तर इन्चार्जला फोन जातो. पण त्याच माहितीवरून चहाला किती वेळ लावला हे कुणी मोजू लागलं तर माणसं मोबाइल लॉकरमध्ये ठेवून कामाला जातील. कशासाठी वापरणार आणि कशासाठी नाही, हे युनियनशी बोलून लिहून टाका.

9. दर आठवड्याला काय पाहायचं

'परमिट 100 टक्के पूर्ण' हा आकडा मी तरी आनंदाने पाहत नाही. त्याऐवजी भरायला किती वेळ लागला ते पाहा. सात पायऱ्यांचं कार्ड वीस सेकंदांत भरलं असेल तर ते खुर्चीत बसून भरलंय. एकच फोटो दोन परमिटांना लावलाय का ते पाहा. फोटो गॅलरीतून निवडता येणार नाही, कॅमेऱ्यानेच काढावा लागेल, अशी सेटिंग बहुतेक अ‍ॅपमध्ये असते, ती चालू करा.

मग ब्रेकडाउनची यादी पाहा. एकच कन्व्हेयर महिन्यात वारंवार अडकत असेल तर तितक्या वेळा कुणीतरी त्यात हात घालतोय. तिथे माणसाला पुन्हा प्रशिक्षण देण्यापेक्षा कन्व्हेयर दुरुस्त करा. आणि एकाच माणसाच्या नावावर सलग दोन शिफ्टची कामं दिसली, तर पुढचं परमिट त्याला देऊ नका, तो कितीही हुशार असला तरी.

10. काही घडलंच तर

अ‍ॅपमधल्या लाल बटणावर 108 आणि 112 आधीच टाकून ठेवा, सोबत जवळच्या हॉस्पिटलचा आणि प्रथमोपचार येणाऱ्या माणसांचा नंबर. गेट क्रमांकासह कारखान्याचा पत्ताही तिथेच लिहा. घाबरलेल्या माणसाला प्लॉट नंबर आठवत नाही. त्या कामाचं परमिट तत्काळ गोठवा म्हणजे कुणाला मागाहून टिकं भरता येणार नाहीत. माणूस 48 तास किंवा त्याहून जास्त काळ कामावर येऊ शकणार नसेल तर तो अपघात संचालनालयाला कळवावा लागतो. राज्य कामगार विम्याचा अहवाल वेगळा. दोन्हींची आठवण सॉफ्टवेअरमध्ये एचआरच्या नावावर लावून ठेवा.

11. नेट गेलं, मोबाइल चालत नाही

पेंट बूथ, सॉल्व्हंटचं गोदाम, अशा ठिकाणी साधा मोबाइल नेताच येत नाही. तिथे परमिट बाहेर भरा, छापून दाराला लावा आणि काम संपल्यावर बाहेर येऊन मिटवा. सर्व्हर बंद पडेल त्या दिवसासाठी क्रमांक छापलेलं कागदी परमिट पुस्तक सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवा, त्यात तीच कार्डं, त्याच पायऱ्या. कार्डात बदल केला की पुस्तकातलं पानही बदलायचं, हे काम कुणाचं ते नावानिशी ठरवा. महिन्यातून एकदा मुद्दाम एक परमिट कागदावर काढा. रात्रपाळीच्या इन्चार्जला केबिनची किल्ली कुठे असते ते त्या निमित्ताने कळतं.